हातशिलाई आणि भरतकाम: सुई कोणत्या नंबरची घ्यायची?

दुकानात "हातसुई द्या" म्हटलं की हाती येईल ते पाकीट घरी आणायचं आणि त्याच सुईने फॉल, बटण, भरतकाम सगळं उरकायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. मग दोरा पिसारतो, रेशमावर भोकं राहतात, बुलियनची (सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन भरायच्या टाक्याची) गाठ सुईवरच अडकून बसते, आणि दोष जातो हाताला किंवा दोऱ्याला. बहुतेक वेळा चूक सुईची असते.

निवडीचा पाया एकच आहे: सुई कापडात जे भोक पाडते ते दोऱ्याच्या मापाचं असावं. दोरा नेढ्यातून वळून मागे येतो, त्यामुळे त्या जागी तो दुपदरी होतो. ही दुपदरी जाडी कापडातून अलगद जावी इतकं भोक हवं, आणि सुई पुढे गेल्यावर ते दोऱ्याने भरून निघावं. सुई बारीक पडली तर दोरा प्रत्येक टाक्याला कापडावर घासतो, त्याचे तंतू सुटतात, चमक जाते. सुई जाड पडली तर दोऱ्याभोवती रिकामी जागा दिसते आणि टाका सैल बसतो.

हे कळायला नंबर पाठ असण्याची गरज नाही. ज्या कापडावर काम करायचं त्याचाच कात्रणाचा तुकडा घ्या, दोरा ओवा आणि दहा टाके घाला. नेढं कापडाजवळ आल्यावर हिसका द्यावा लागत असेल किंवा कापड सुईबरोबर वर उचललं जात असेल, तर एक माप जाड सुई घ्या. टाका बसल्यावर दोऱ्याच्या कडेने उजेड दिसत असेल, तर एक माप बारीक घ्या. दोरा सतत नेढ्यातून निसटत असेल तर नेढं मोठं आहे. ओवतानाच दहा वेळा चुकत असेल तर लहान.

पाकिटावरचे आकडे

हातसुयांचे नंबर उलटे चालतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि बहुधा आखूडही. १ नंबर जाड, १० नंबर तलम. मशिनच्या सुयांचं याच्या अगदी उलट आहे. तिथे ९ किंवा ११ बारीक आणि १८ जाड. दोन्ही सुया एकाच डब्यात ठेवणाऱ्या घरात हा गोंधळ हमखास होतो.

पाकिटावर ३/९ किंवा ५/१० असं लिहिलेलं दिसतं. तो अपूर्णांक नव्हे. ३ पासून ९ पर्यंतच्या सुया त्यात मिसळून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पहिली खरेदी अशा मिश्र पाकिटाचीच करावी. कोणता नंबर सारखा लागतो ते कामातून कळलं, की मग त्या एकाच नंबरचं पाकीट आणावं.

आणखी एक अडचण अशी की आकडा सुईच्या जातीबरोबरच वाचावा लागतो. शार्पची, म्हणजे रोजच्या शिलाईच्या टोकदार सुईची, १० नंबर तलम असते. मॅटीवर (फुलीच्या टाक्याच्या, आधीच भोकं असलेल्या कापडावर) वापरायच्या बोथट सुयांचे आकडे साधारण १३ ते २८ असे चालतात, त्यामुळे त्यातली २२ नंबरची सुई शार्पच्या १० पेक्षा बरीच जाड असते. म्हणून दुकानात "२४ नंबर द्या" एवढं पुरत नाही, जातही सांगावी लागते.

रोजच्या शिलाईची सुई

शार्प म्हणजे मध्यम लांबीची, टोकदार, लहान गोल नेढ्याची सुई. हेम, फॉल, काज, बटण, उसवलेली शिवण ही सगळी कामं हिची. लहान नेढ्याचा फायदा असा की दांड्यापेक्षा ते फारसं फुगत नाही, त्यामुळे घट्ट विणीच्या कापडातूनही सुई सरळ निघते.

साध्या सुती ब्लाउजला किंवा कुर्त्याला ८ नंबर चालतो. सुती साडीच्या फॉलला ९. रेशमी साडी, शिफॉन, ऑर्गेंझा, तलम मलमल यांना १०, हात बसलेला असेल तर ११ किंवा १२. सुती कापडावरचं भोक धुतल्यावर बरंचसं मिटतं. रेशीम, सॅटिन आणि ऑर्गेंझावरचं तसंच राहतं. पैठणीचा फॉल लावताना आणखी एक काळजी घ्यावी. काठातल्या जरीला सुईचं टोक लागलं की जरीची पट्टी उचकटते आणि आतला धागा उघडा पडतो. म्हणून काठावर टोक जरीच्या पट्ट्यांमधून सरकवत न्यावं, पट्टीच्या पोटात घुसवू नये. त्यासाठी नवी, गुळगुळीत सुई घ्यावी. डब्यात वर्षभर लोळलेली सुई पैठणीला लावणं म्हणजे जोखीम आहे.

बटणाला दुहेरी दोरा आणि ७ नंबरची शार्प. इथे बरेच जण ओवायला सोपी म्हणून मोठ्या नेढ्याची भरतकामाची सुई घेतात आणि फसतात. शर्टाच्या बटणाच्या एकाच भोकातून दोरा तीन-चार वेळा जातो. शेवटच्या फेरीला भोक जवळजवळ भरलेलं असतं आणि रुंद नेढं तिथे अडकतं. जोर लावला तर बटण तडकतं किंवा सुई नेढ्याजवळ मोडते.

जीन्सची घडी शिवायला ३ ते ५ नंबर लागतो. बाजूच्या शिवणीवर घडी येते तिथे कापडाचे सहा-सात थर होतात, तिथे बोटाला अंगुस्तान घातल्याशिवाय सुई ढकलू नये. टी-शर्ट आणि होजिअरीची गोष्ट निराळी. हे कापड फासांनी विणलेलं असतं. टोक धाग्यात घुसून फास तुटला की शिडी सुटते. गोल टोकाची बॉलपॉइंट हातसुई मिळाली तर उत्तम, नाहीतर १० नंबरची बारीक शार्प घेऊन फासांच्या मधून टाका घ्यावा.

भरतकामाची सुई

पाकिटावर एम्ब्रॉयडरी किंवा क्रूएल लिहिलेलं असतं. दुकानात "मोठ्या नेढ्याची सुई" म्हटलं तरी कळतं. त्याच नंबरच्या शार्पशी ताडून पाहिलं तर लांबी आणि जाडी जवळपास तीच असते, फरक फक्त नेढ्यात. ते लांबट असतं, म्हणून त्यात दोऱ्याचे अनेक पदर एकाशेजारी एक आडवे बसतात. गोल नेढ्यात तेच पदर एकमेकांवर चढतात आणि घासतात.

अँकर किंवा डीएमसी कंपनीच्या भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. किती पदर घेतले यावर सुई ठरते:

१ पदर: ९ किंवा १० नंबर
२ पदर: ८ किंवा ९
३ पदर: ७
४ पदर: ६
पूर्ण ६ पदर: ३ किंवा ४
८ नंबरचा पर्ल (पीळदार, पदर सुटे न होणारा) दोरा: ५ किंवा ६
५ नंबरचा पर्ल दोरा: ३

ही सुरुवात समजा. खादीसारख्या खरखरीत कापडावर एक माप जाड सुई चांगली चालते, कारण कापड दोऱ्याला जास्त घासतं. तलम वॉयलवर एक माप बारीक. कापड आणि दोरा यांच्यात भांडण झालं, म्हणजे दोरा जाड आणि कापड तलम, तर सुई बदलून ते मिटत नाही. पदर कमी करावे लागतात.

पदर सुटे करताना लडीतून एकेक वर ओढून काढावा आणि मग हवे तितके पुन्हा जुळवावेत. दोन-तीन पदर एकदम ओढले की गुंता होतो. शिवाय सुटे करून जुळवलेले पदर कापडावर पसरून बसतात आणि भरणी सपाट दिसते.

गुंडाळ्यांच्या टाक्यांना वेगळी सुई

बुलियन आणि फ्रेंच नॉट जमत नाहीत म्हणून अनेक जण ते टाळतात. ७-८ वेढे घातले, सुई ओढली आणि वेढे नेढ्यापाशी अडकून चुरगळले, ही नेहमीची तक्रार. कारण सरळ आहे. भरतकामाच्या सुईचं नेढं दांड्यापेक्षा रुंद असतं. वेढे दांड्याच्या मापाने बसतात आणि नेढ्यावरून उतरताना अडतात.

यासाठी मिलिनर सुई असते. काही पाकिटांवर स्ट्रॉ असं नाव येतं. लांब आणि टोकाकडचा निमुळता भाग सोडला तर नेढ्यापर्यंत जवळजवळ एकसारख्या जाडीची, त्यामुळे वेढे सरळ उतरतात. १-२ पदरांना ९, ३ पदरांना ७ किंवा ५, ८ नंबरच्या पर्लला ३ आणि ५ नंबरच्या पर्लला १ नंबर घ्यावा. लांब बुलियनला १५-२० वेढे लागतात, तिथे सुईची लांबी कामी येते. वेढे सुईला टेकतील इतकेच घट्ट ठेवावेत, आवळू नयेत. आवळले तर मिलिनरही अडकते. साडीवर किंवा कुशनवर गुलाबाच्या बुलियन पाकळ्या भरायच्या असतील तर हे एक पाकीट आणाच; भरतकामातल्या सगळ्या खरेदीत इतका झटपट फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

कच्चा धावदोरा घालायलाही मिलिनर चांगली. लांब असल्यामुळे एका दमात सात-आठ टाके सुईवर घेता येतात.

बोथट टोक कुठे हवं

मॅटी किंवा आयडा कापडाला भोकं आधीच असतात. फुलीच्या टाक्यात सुईने ती शोधायची, नवी पाडायची नाहीत. टोकदार सुई इथे दोन खोड्या करते: कापडाचा धागा फाडते आणि आधी घातलेल्या टाक्याच्या पदरात घुसते. मग फुल्या वाकड्या दिसतात आणि चुकलेलं उसवताही येत नाही. म्हणून बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची टॅपेस्ट्री सुई.

एका इंचात किती भोकं आहेत ते पट्टी ठेवून मोजा. ११ असतील तर २२ किंवा २४ नंबर, १४ ला २४, १६ ला २४ किंवा २६, १८ ला २६, त्याहून बारीक असेल तर २८. खात्री करायची सोपी रीत म्हणजे सुई भोकात अलगद सोडून बघणं. नेढ्यापाशी येऊन ती थांबली तर माप बरोबर. सरळ खाली पडली तर बारीक आहे, भोक ताणून रुंद झालं तर जाड.

कच्छी काम करणाऱ्यांनाही बोथट सुई लागते, पण अर्ध्याच कामाला. आधी कापडावर टाक्यांची चौकट घालायची, ती टोकदार सुईने. मग कापड न उचलता त्या चौकटीत दोरा वर-खाली विणायचा. या विणाईत टोकदार सुई चौकटीच्या धाग्यात घुसते. मधेच सुई बदलायचा कंटाळा असेल तर तीच सुई उलटी धरून नेढ्याच्या बाजूने घालावी, काम भागतं. मात्र मागचं टोक बोटात जातं, तेवढं सांभाळा.

कसुतीत, म्हणजे कर्नाटकी भरतकामात, प्रश्न थोडा अवघड होतो. गवंतीचा टाका म्हणजे जाताना धावदोरा आणि परतताना त्याच भोकांतून रिकाम्या जागा भरणं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. सुटसुटीत विणीच्या कापडावर २६ नंबरची बोथट सुई छान चालते. घट्ट विणीच्या इरकलीवर मात्र ती घुसत नाही, तिथे ९ नंबरची भरतकामाची सुई घ्यावी लागते आणि परतीच्या फेरीत ती सरळ उभी घालावी लागते, तिरकी गेली की आधीच्या टाक्याचा धागा फाटतो. ब्लाउजपीसवर जाळीचा कॅन्व्हास टाचून त्यावरून टाके घालणार असाल तरी टोकदारच सुई हवी, कारण खालचं कापड छेदायचं असतं.

टॅपेस्ट्रीचीच जाडी आणि नेढं, पण टोक तीक्ष्ण, अशी शेनिल नावाची सुई मिळते, नंबरही तेच. रिबनचं भरतकाम, लोकरीचं भरतकाम, जाड कापडावरचा पर्ल दोरा यांना ती लागते. रिबनला १८ ते २४ नंबर. भोक लहान पडलं तर रिबन दुमडत बाहेर येते आणि पाकळी उमलत नाही.

विणलेल्या स्वेटरचे भाग जोडायला १६ किंवा १८ नंबरची बोथट सुई घ्या.

गोधडी

क्विल्टिंगसाठी म्हणून बिटवीन नावाच्या आखूड सुया मिळतात आणि गोधडीलाही त्याच घ्याव्यात असा सल्ला कुठेकुठे दिसतो. तो पटणारा नाही. बिटवीन ही पातळ अस्तराच्या रजईत अगदी बारीक टाके घालायला चांगली. ८ ते १० नंबर. आपली गोधडी जुन्या लुगड्यांच्या नि साड्यांच्या चार-सहा थरांची, टाका मोठा, दोरा जाड. एका वेळी चार-पाच टाके सुईवर घेऊन ओढायचे असतात, त्याला लांबी लागते. १ ते ३ नंबरची शार्प किंवा लांब रफूची सुई, जी डार्नर म्हणून मिळते, ती घ्यावी. दोऱ्याला मेण लावलं तर थरांतून तो कमी पिसारतो. सुई अडली की ती बदलण्याआधी पकड सुधारून बघा: ढकलायला अंगुस्तान आणि ओढायला सायकलच्या ट्यूबचा बोटाएवढा तुकडा. रबराच्या पकडीने सुई किती सहज निघते याचं नवख्यांना नवल वाटतं.

थर फारच कडक असतील आणि सुई वाकू लागली, तर आत सिंथेटिक साडी किंवा जुना पडदा घातलेला असण्याची शक्यता आहे. मऊ सुती थरांत सुई सहसा वाकत नाही.

मणी, चामडं, गोणपाट

मण्यांची सुई केसासारखी बारीक आणि लांब, १० ते १३ नंबर. ती वाकणारच, थोडी वाकलेली उलट सोयीची पडते. ओढण्यापूर्वी मणी सुईवर घालून बघा: नेढ्यात दोरा असताना नेढं मण्यातून पार झालं पाहिजे. बारीक मणी जोर लावून ओढला की फुटतो आणि त्याची धार दोरा कापते. कापडावर थोड्याशा टिकल्या किंवा मणी लावायचे असतील तर १० नंबरची शार्प पुरते. आरीचं काम टोकाला हूक असलेल्या सुईने होतं, तो वेगळा विषय.

चामड्याच्या सुईचं टोक तीन धारांचं असतं. ते भोक पाडत नाही, कापतं. पर्स, पट्टा, रेक्झिन यांनाच ती वापरावी. कापडावर वापरली तर धागेच कापले जातात. पोती शिवायला दाभण आणि सुतळी. परकराची नाडी ओवायला बोथट जाड बॉडकिन मिळते, पण सेफ्टी पिनने तेच काम होतं.

ओवताना

दोरा ४५ ते ५० सेंटिमीटर पुरे. लांब दोरा घेतला की पुन्हा पुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो असं वाटतं, पण शेवटचा भाग कापडातून शंभरदा जाऊन आलेला असतो आणि तिथेच तो तुटतो. टोक धारदार कात्रीने तिरकं कापा. दोऱ्याला थुंकी लावण्याऐवजी नेढ्याला पाण्याचं बोट लावा, आणि चिमटीत धरलेल्या दोऱ्याच्या टोकावर नेढं आणा. तरीही जात नसेल तर सुई अर्धी फिरवून दुसऱ्या बाजूने ओवा. नेढं ठोकून पाडलेलं असल्यामुळे अनेकदा एक बाजू जास्त मोकळी असते. रिळावरचा दोरा असेल तर रिळातून आधी सुटलेलं टोक नेढ्यात घालावं, गुंता कमी होतो. अनेक पदर असतील तर ते सुईवर घट्ट दुमडून, ती घडी चिमटीत दाबून नेढ्यात सारा.

नजर कमी असलेल्यांसाठी वरून खाच असलेली सुई मिळते, दोरा वरून दाबला की आत जातो. बटण लावण्यापुरती ती ठीक. भरतकामाला घेऊ नये, खाचेची कड पदर कापते.

सुई कधी टाकायची

टेबलावर घरंगळून बघा. डुगडुगत गेली तर वाकली आहे. जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून टोक फिरवा. अडकलं तर टोकाला कूस आली आहे. दांड्यावर काळपट डाग दिसले किंवा कापडातून जाताना सुई कुरकुरली, तर मुलामा गेला. घामट हातांनी तो लवकर जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काम अर्धवट ठेवताना सुई कापडात टोचून ठेवू नये, चार दिवसांत गंजाचा डाग पडतो आणि तो रेशमावरून निघत नाही. सुया जाड लोकरीच्या तुकड्यात टोचून, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. स्पंजच्या गादीत नको, त्यात ओल धरते.

मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय उठू नका. लोहचुंबक फिरवला की सतरंजीतला तुकडाही मिळतो. जुन्या औषधाच्या बाटलीत ते साठवावेत, आणि बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर "सुया" असं लिहून कचऱ्यात द्यावी.